डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगची ओळख: नाडीच्या सेन्सरपासून फिल्टरपर्यंत, हाताने गणित करत

डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे सिग्नलच्या मोजणीतून मिळालेल्या आकड्यांवरचे गणित, शिकू पाहणाऱ्यांना बहुतेक पुस्तके पहिल्या काही पानांतच समाकलने आणि काल्पनिक संख्यांच्या राशी दाखवतात, आणि त्यामुळे हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असा चुकीचा समज होतो. वास्तविक या विषयातील रोजचे काम आकड्यांच्या एका लांबलचक यादीवर केलेल्या गुणाकारांचे आणि बेरजांचे असते. अवघड भाग वेगळा आहे. कोणता आकडा कशाने गुणायचा आणि का, हे नीट समजून घ्यावे लागते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ती यादी तयार होतानाच कोणत्या चुका तिच्यात कायमच्या मिसळतात, हे ओळखावे लागते. फिल्टर, म्हणजे सिग्नलमधील नको असलेला भाग गाळणारे गणित, चुकला तर तो बदलून पुन्हा चालवता येतो, परंतु सॅम्पलिंग करताना, म्हणजे सिग्नल मोजून ती यादी बनवताना, झालेली चूक नंतरच्या कोणत्याही गणिताने दुरुस्त होत नाही. म्हणून या लेखात सॅम्पलिंगला बराच वेळ दिला आहे आणि वाचकांनीही तो द्यावा, अशी विनंती आहे.

संपूर्ण लेखासाठी एकच उदाहरण घेऊ. बोटाच्या टोकावर प्रकाश टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून नाडी मोजणारा एक छोटा सेन्सर आपल्याकडे आहे. त्याच्या तारेवरील व्होल्टेज मोजायचे आणि त्यातून मिनिटाला किती ठोके पडतात ते काढायचे, एवढेच आपले काम आहे. मिनिटाला ७२ ठोके म्हणजे सेकंदाला १.२, अर्थात १.२ हर्ट्झ. नाडीच्या लाटेचा आकार शुद्ध साइन लहरीसारखा गोल नसतो, त्यामुळे तिच्यात १.२ हर्ट्झच्या पटीतील वारंवारताही असतात. मात्र ठोके मोजण्यासाठी उपयोगी असा बहुतेक भाग १० हर्ट्झच्या आत सापडतो. हा लेख वाचताना कागद, पेन्सिल आणि त्रिकोणमिती येणारा कॅल्क्युलेटर जवळ ठेवावा. स्प्रेडशीट असल्यास उत्तमच.

सॅम्पलिंगचा वेग ठरवणे

तारेवरील व्होल्टेज अखंड बदलत असते, परंतु संगणकाला अखंड काहीच साठवता येत नाही. म्हणून ठरावीक काळाने एकेक मोजणी घ्यावी लागते. अशा प्रत्येक मोजणीला सॅम्पल म्हणतात आणि सेकंदाला किती सॅम्पल घेतली, या संख्येला सॅम्पलिंगचा वेग. दूरध्वनीच्या अंकीय जाळ्यात आवाजासाठी हा वेग ८,००० हर्ट्झ ठरवण्यात आला, तर संगीताच्या सीडीवर तो ४४,१०० हर्ट्झ आहे.

किती वेग पुरेसा आहे, याचे उत्तर देणारा नियम हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ सालच्या तारायंत्रावरील लेखातून पुढे आला, व्लादिमीर कोटेल्निकोव्ह यांनी १९३३ मध्ये तो स्वतंत्रपणे मांडला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये त्याला आज शिकवले जाणारे रूप दिले. सिग्नलमधील सर्वांत जास्त वारंवारतेच्या दुपटीपेक्षा सॅम्पलिंगचा वेग जास्त असेल, तर त्या सॅम्पलवरून मूळ सिग्नल तंतोतंत परत उभा करता येतो, असा हा नियम आहे. येथे नवशिके हमखास एक चूक करतात. नियमातील ‘सर्वांत जास्त वारंवारता’ ही आपल्याला हव्या असलेल्या भागातील नसून तारेवर प्रत्यक्ष असलेल्या सगळ्या व्होल्टेजमधील असते. आपल्याला १० हर्ट्झपर्यंतच रस आहे, म्हणून २० हर्ट्झपेक्षा थोडा जास्त वेग पुरेल, हा तर्क म्हणूनच फसतो.

तो का फसतो, हे पाहण्यासाठी पुढील गणित स्वतः करून पाहावे. सेकंदाला ८ सॅम्पल घ्यायची आहेत आणि सिग्नल १ हर्ट्झची कोसाइन लहर आहे असे धरा. प्रत्येक सॅम्पलला कोन ४५ अंशांनी पुढे जातो, त्यामुळे आकडे असे मिळतात: १, ०.७०७, ०, −०.७०७, −१, −०.७०७, ०, ०.७०७. आता त्याच वेगाने ७ हर्ट्झची लहर मोजा. या वेळी कोन दर सॅम्पलला ३१५ अंशांनी पुढे जातो, म्हणून ०, ३१५, ६३०, ९४५ अशा कोनांच्या कोसाइन किमती काढाव्या लागतात. पूर्ण आठ किमती काढल्यावर दिसेल की दोन्ही याद्या अगदी सारख्या आहेत. ९ हर्ट्झची लहर घेतली तरीही तेच आकडे येतील. यादी हातात आल्यावर ती १ हर्ट्झची आहे, ७ हर्ट्झची की ९ हर्ट्झची, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरत नाही, कारण ती माहिती यादीत उतरलेलीच नसते. या प्रकाराला एलिअसिंग म्हणतात. खरी वारंवारता आणि सॅम्पलिंग वेगाची सर्वांत जवळची पट यांच्यातील फरक ही त्या लहरीची खोटी ओळख बनते.

आता हाच हिशेब आपल्या सेन्सरला लावू. जेथे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते, तेथे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त प्रकाश देतात, कारण प्रत्येक आवर्तनात विजेचा जोर दोनदा शिखर गाठतो. ६० हर्ट्झच्या विजेवर हीच संख्या १२० होते. ही लुकलुक डोळ्यांना जाणवत नाही, पण प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरला ती स्पष्ट दिसते. समजा आपण सेकंदाला ९९ सॅम्पल घेतली. १०० आणि ९९ यांच्यातील फरक १ आहे, म्हणून दिव्याची लुकलुक आपल्या यादीत १ हर्ट्झची संथ लहर होऊन उतरेल. एक हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ६० ठोके. सेन्सरवर बोट ठेवलेले नसतानाही पडद्यावर निरोगी माणसाची नाडी दिसेल. अशा खोट्या नाडीवर पुढे कितीही उत्तम फिल्टर लावला, तरी तो तिला काढू शकणार नाही, कारण फिल्टरच्या दृष्टीने ती खऱ्या नाडीच्याच जागी बसलेली असते.

म्हणून वेग निवडताना तीन गोष्टी क्रमाने कराव्यात. आधी आपल्याला हवा असलेला वारंवारतांचा पट्टा लिहावा. येथे तो ० ते १० हर्ट्झ आहे. मग आसपासचे ज्ञात उपद्रव लिहावेत. येथे विजेच्या तारांमुळे येणारा ५० हर्ट्झचा गुणगुणाट आणि दिव्यांची १०० हर्ट्झची लुकलुक हे ते आहेत. शेवटी असा वेग निवडावा की हे उपद्रव अर्ध्या वेगाच्या आतच राहतील, आणि शक्य असल्यास तो वेग त्यांच्या पटीत असावा. आपण ५०० हर्ट्झ निवडू. त्यात ५० आणि १०० हर्ट्झ आपापल्या खऱ्या जागी दिसतात, त्यामुळे त्यांना नंतर काढता येते. ५०० ही संख्या ५० च्या पटीत असल्याचा फायदा पुढे फिल्टर बनवताना होईल.

सॅम्पलिंगच्या आधीचा फिल्टर

अर्ध्या वेगाच्या, म्हणजे २५० हर्ट्झच्या वर जे काही असेल, ते मोजणीपूर्वीच दाबावे लागते आणि हे काम सॉफ्टवेअरला करता येत नाही. त्यासाठी तारेवर खराखुरा फिल्टर लागतो. आपल्या संथ सिग्नलसाठी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतात. दहा किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर त्यांची छेद-वारंवारता, म्हणजे जिच्या वरच्या लहरी फिल्टर अधिकाधिक दाबू लागतो ती वारंवारता, १५.९ हर्ट्झ येते. हा फिल्टर काही फार कडक नसतो, पण येथे जास्त वेग घेण्याचा दुसरा फायदा दिसतो. ५०० हर्ट्झच्या सॅम्पलिंगमध्ये ० ते १० हर्ट्झच्या पट्ट्यावर येऊन आदळणारी सर्वांत जवळची वारंवारता ४९० हर्ट्झच्या आसपास असते, आणि तेथपर्यंत हा साधा फिल्टर सिग्नल सुमारे तीस पट कमी करतो. वेग फक्त ५० हर्ट्झ ठेवला असता, तर ४० हर्ट्झवरच कडक भिंत उभारावी लागली असती आणि त्यासाठी बरेच अधिक भाग लागले असते. आजच्या स्वस्त चिपला सॅम्पल घेणे सोपे जाते, तर अचूक ॲनालॉग (तारेवरचा) फिल्टर बनवणे तितके सोपे नसते. म्हणून जास्त वेगाने मोजून नंतर गणिताने वेग कमी करावा, ही पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

बिट आणि पायऱ्या

प्रत्येक सॅम्पल वेळेत जसे तुटक असते, तसेच उंचीतही तुटक असते. व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या बारा बिटच्या कन्व्हर्टरला ४,०९६ पायऱ्या असतात आणि त्याचा पल्ला ३.३ व्होल्ट असेल, तर एक पायरी सुमारे ०.८ मिलिव्होल्टची होते. नाडीमुळे होणारा बदल १० मिलिव्होल्ट असेल, तर संपूर्ण नाडी फक्त बारा पायऱ्यांवर उतरेल आणि तिचा आलेख जिन्यासारखा दिसेल. कागदावर बारा बिट असूनही प्रत्यक्षात आपण चार बिटसुद्धा वापरत नसतो. उपाय म्हणजे आधी सिग्नल वाढवणे. मात्र सेन्सरच्या व्होल्टेजमध्ये नाडीच्या तुलनेत फार मोठा असा एक स्थिर भाग असतो, तो कपॅसिटरने अडवल्याशिवाय शंभर पट वाढवले, तर व्होल्टेज पल्ल्याबाहेर जाऊन शिखरे सपाट कापली जातील. कापलेली शिखरे एलिअसिंगप्रमाणेच परत मिळत नाहीत. पल्ल्याचा साधारण अर्धा ते पाऊण भाग वापरला जाईल इतकेच सिग्नल वाढवावे आणि उरलेली जागा बोट हलल्यावर येणाऱ्या धक्क्यांसाठी राखावी.

पूर्ण पल्ला वापरणाऱ्या साइन लहरीसाठी सिग्नल आणि पायऱ्यांमुळे येणारा नॉइज (नको असलेला गोंधळ) यांचे गुणोत्तर, बिटची संख्या गुणिले ६.०२ अधिक १.७६ डेसिबल (गुणोत्तर मोजण्याचे लॉगरिदमी एकक) इतके येते. बारा बिटला ते ७४ आणि सोळा बिटला ९८ डेसिबल होते. हे आकडे आदर्श कन्व्हर्टरचे आहेत हे लक्षात ठेवावे; खऱ्या चिपचे शेवटचे एकदोन बिट अनेकदा तिच्या स्वतःच्या नॉइजमध्येच बुडालेले असतात.

मिळालेली कच्ची यादी कोणताही बदल न करता आधी फाईलमध्ये जतन करावी आणि पुढचे सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर करावेत.

पहिला फिल्टर: सरासरी

समजा यादीत ५, ७, ५, ७, ५, ७ असे आकडे आहेत. शेजारच्या दोन-दोन आकड्यांची सरासरी काढली, तर ६, ६, ६, ६, ६ अशी सपाट यादी मिळते. एका सॅम्पलला वर आणि पुढच्याला खाली जाणारी लहर पूर्ण नाहीशी झाली, कारण तिचे एक संपूर्ण आवर्तन सरासरीच्या खिडकीत नेमके मावले आणि त्याचा वरचा व खालचा भाग एकमेकांना रद्द करून गेला. हा युक्तिवाद सगळ्या वारंवारतांना लागू पडतो. आपल्या ५०० हर्ट्झच्या यादीत ५० हर्ट्झच्या गुणगुणाटाचे एक आवर्तन बरोबर दहा सॅम्पलमध्ये पूर्ण होते. त्यामुळे सलग दहा सॅम्पलची सरासरी घेतली की तो शून्य होतो, आणि दिव्याच्या लुकलुकीची दोन पूर्ण आवर्तने त्याच दहा सॅम्पलमध्ये बसत असल्याने तीही शून्य होते. वेग ५० च्या पटीत निवडला होता, तो याचसाठी.

हव्या असलेल्या सिग्नलचे काय होते, हेही तपासायला हवे. ५ हर्ट्झची लहर या सरासरीतून ९८ टक्के शाबूत बाहेर येते, १० हर्ट्झची सुमारे ९४ टक्के, आणि २५ हर्ट्झची ६४ टक्के. मात्र ७५ हर्ट्झची एखादी लहर असेल, तर तिचा २२ टक्के भाग तसाच निसटतो, कारण खिडकीत तिचे दीड आवर्तन येते आणि अर्धे रद्द न होता उरते. नेमक्या काही वारंवारता पुसण्यासाठी सरासरी उत्तम आहे, परंतु एका बाजूचे सगळे ठेवून दुसऱ्या बाजूचे सगळे काढण्यासाठी ती कच्ची पडते.

प्रत्यक्ष चालवताना दर वेळी दहा आकडे बेरजेला घेण्याची गरज नसते. चालू बेरीज जपून ठेवावी, तिच्यात नवे सॅम्पल मिळवावे आणि दहा सॅम्पलपूर्वीचे वजा करावे. ही बेरीज पूर्णांकांत ठेवावी, म्हणजे दशांशातील बारीक चुका साचत जात नाहीत.

इम्पल्स आणि कॉन्व्होल्यूशन

सरासरीत दहाही आकड्यांना सारखेच वजन, म्हणजे ०.१, दिले होते. वजने वेगवेगळी ठेवली की वेगवेगळे फिल्टर तयार होतात. या वजनांच्या यादीला फिल्टरचा इम्पल्स प्रतिसाद म्हणतात आणि हे नाव अगदी सार्थ आहे: फिल्टरमध्ये एकच १ आणि त्यानंतर शून्ये पाठवली, तर बाहेर नेमकी ती वजनेच एकामागून एक येतात. रिकाम्या मोठ्या सभागृहात एकदाच टाळी वाजवली की जो घुमारा ऐकू येतो, तो त्या सभागृहाचा इम्पल्स प्रतिसाद असतो.

सिग्नल आणि वजने यांना एकत्र करण्याच्या कृतीला कॉन्व्होल्यूशन म्हणतात. सिग्नल २, ४, ६ आणि वजने ०.५, ०.५ घ्या. पहिल्या २ मुळे बाहेर १, १ अशी प्रतिसादाची लाट निघते. ४ मुळे एक जागा पुढे सरकून २, २ निघते. ६ मुळे आणखी एक जागा सरकून ३, ३ निघते. या तिन्ही लाटा जागेनुसार मिळवल्या की १, ३, ५, ३ असे उत्तर येते. उत्तराची लांबी ३ अधिक २ वजा १, म्हणजे ४ असते. पाठ करण्याच्या सूत्रापेक्षा, प्रत्येक सॅम्पल स्वतःची एक लाट मागे सोडतो आणि बाहेरचा सिग्नल हा त्या सगळ्या लाटांची बेरीज असतो, हे चित्र मनात ठेवावे. अशी पाच-सहा उदाहरणे हाताने सोडवल्यानंतरच मला हा विषय खऱ्या अर्थाने कळू लागला होता.

स्वतःचेच उत्तर पुन्हा वापरणारा फिल्टर

दहा जुनी सॅम्पल साठवायची नसतील, तर आणखी एक सुटसुटीत युक्ती आहे. नव्या सॅम्पलचा दहावा हिस्सा घ्यावा, त्यात मागच्या उत्तराचे नऊ-दशांश मिळवावेत आणि ते नवे उत्तर मानावे. आत सतत १ पाठवला, तर बाहेर ०.१, ०.१९, ०.२७१, ०.३४३९ असे आकडे येत येत उत्तर हळूहळू १ कडे सरकते. एवढ्याशा गणितातून ५०० हर्ट्झच्या वेगावर सुमारे ८ हर्ट्झची छेद-वारंवारता मिळते. परंतु ५० हर्ट्झचा गुणगुणाट हा फिल्टर शून्य करत नाही. त्याचा सुमारे १७ टक्के भाग उरतो. शिवाय वेगवेगळ्या वारंवारतांना तो वेगवेगळा उशीर लावतो, त्यामुळे नाडीच्या लाटेचा आकार थोडा बिघडतो. सरासरीत असे होत नाही. तिच्यात सगळ्याच वारंवारतांना साडेचार सॅम्पलचा, म्हणजे ९ मिलिसेकंदांचा, सारखा उशीर होतो.

मागचे उत्तर ०.९ ऐवजी १.१ ने गुणले, तर प्रत्येक फेरीत उत्तर वाढतच जाते आणि कधीही थांबत नाही. परतीचा मार्ग असलेल्या कोणत्याही फिल्टरमध्ये हा धोका असतो, म्हणून अशा फिल्टरचे सहगुणक (गुणायचे आकडे) मनाने बदलून पाहू नयेत. पूर्णांकांत गणित करणाऱ्या लहान चिपवर आणखी एक अडचण येते: नवे सॅम्पल आणि जुने उत्तर यांतील फरक दहापेक्षा कमी झाला की त्याचा दहावा हिस्सा शून्यावर कापला जातो आणि उत्तर खऱ्या किमतीच्या अलीकडेच अडकून बसते. उत्तर आतल्या आत २५६ पट मोठे करून साठवल्यास ही अडचण मिटते.

वारंवारतेच्या चष्म्यातून पाहणे

यादीत कोणत्या वारंवारता किती प्रमाणात आहेत, हे शोधण्यासाठी डिस्क्रीट फूरिए ट्रान्सफॉर्म वापरतात. त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: ही यादी अमुक वारंवारतेच्या लहरीशी किती जुळते? जुळणी मोजण्यासाठी दोन्ही याद्यांतील समोरासमोरचे आकडे गुणायचे आणि गुणाकारांची बेरीज करायची. आपली आधीची आठ आकड्यांची यादी घ्या आणि तिला एका आवर्तनाच्या कोसाइनने, म्हणजे स्वतःनेच, गुणा. बेरीज १ + ०.५ + ० + ०.५ + १ + ०.५ + ० + ०.५, म्हणजे ४ येते. आता दोन आवर्तनांच्या कोसाइनने, म्हणजे १, ०, −१, ०, १, ०, −१, ० या यादीने गुणा. बेरीज शून्य येते. जुळणाऱ्या वारंवारतेवर मोठा आकडा आणि न जुळणाऱ्यावर शून्य मिळाले. चार हा आकडा एकूण सॅम्पलच्या निम्मा आहे, म्हणून खरा आयाम, म्हणजे लहरीची उंची, काढण्यासाठी बेरजेला दोनने गुणून सॅम्पलच्या संख्येने भागावे लागते.

लहर कोसाइनऐवजी साइन असती, तर कोसाइनशी जुळणी शून्य आली असती आणि वारंवारता अस्तित्वात असूनही आपण तिला मुकलो असतो. म्हणून प्रत्येक वारंवारतेसाठी कोसाइन आणि साइन या दोघांशीही जुळणी मोजतात, दोन्ही बेरजांचे वर्ग मिळवतात आणि वर्गमूळ काढतात. काल्पनिक संख्या या ठिकाणी येतात त्या या दोन बेरजा एकत्र बाळगण्याची सोय म्हणून. त्यांत याहून गूढ काही नाही.

हे गणित सरळ केले, तर १,०२४ सॅम्पलसाठी १०,४८,५७६ जुळणीचे गुणाकार लागतात. जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्मच्या पद्धतीने ते काम साधारण १०,२४० टप्प्यांत येते, कारण ती यादीचे सम आणि विषम जागांवरील आकड्यांत पुन्हा पुन्हा विभाजन करून एकदा केलेले गुणाकार परत वापरते. याच कल्पनेचे मूळ रूप कार्ल फ्रिडरिश गाऊस यांच्या १८०५ च्या सुमाराच्या टिपणांत सापडले आहे. ही पद्धत स्वतः लिहिण्याची गरज नाही, कोणत्याही गणिती लायब्ररीत ती तयार मिळते. तिच्या उत्तराचा अर्थ लावणे मात्र आपल्यालाच करावे लागते.

त्यात पहिला मुद्दा विभेदनाचा, म्हणजे जवळच्या दोन वारंवारता वेगळ्या ओळखण्याचा, आहे. उत्तरातील शेजारच्या दोन वारंवारतांमधील अंतर, सॅम्पलिंगचा वेग भागिले सॅम्पलची संख्या, इतके असते. आपण ४,०९६ सॅम्पल घेतली, तर ती ८.१९२ सेकंदांची होतात आणि हे अंतर ०.१२२ हर्ट्झ येते, म्हणजे मिनिटाला सात ठोक्यांहून थोडे अधिक. आठ सेकंद मोजूनही ७२ आणि ७६ ठोक्यांतील फरक उघड दिसणार नाही. सॅम्पलिंगचा वेग वाढवून ही स्थिती सुधारत नाही, कारण विभेदन फक्त किती वेळ मोजले यावर अवलंबून असते. यादीच्या शेवटी शून्ये जोडून ती लांब केली, तर आलेख गुळगुळीत दिसतो खरा, पण जवळच्या दोन वारंवारता त्यामुळे वेगळ्या होत नाहीत. नाडीसाठी म्हणूनच अनेकदा शिखरांमधील वेळ थेट मोजणे अधिक बरे ठरते, आणि फूरिएचा उपयोग उपद्रव कोठे आहेत ते ओळखण्यासाठी करावा, असे माझे मत आहे.

दुसरा मुद्दा गळतीचा. निवडलेल्या तुकड्यात लहरीची पूर्ण आवर्तने बसली नाहीत, तर तुकड्याच्या दोन टोकांची उंची जुळत नाही आणि या कृत्रिम तुटीमुळे एका वारंवारतेची ऊर्जा आजूबाजूला पसरते. एका सेकंदाच्या ५०० सॅम्पलमध्ये ५ हर्ट्झची लहर एकाच जागी नेटकी दिसते, पण ५.५ हर्ट्झची सगळीकडे सांडते. यावर उपाय म्हणून तुकड्याला दोन्ही टोकांशी हळुवारपणे शून्यावर आणणाऱ्या वजनांनी गुणतात. त्यांना विंडो म्हणतात. हान विंडो सर्वसाधारण कामासाठी पुरेशी आहे. विंडो न लावता बाजूचे पहिले उंचवटे मुख्य शिखराच्या १३ डेसिबल खाली असतात, हान विंडोने ते ३१ डेसिबल खाली जातात. त्या बदल्यात शिखराची रुंदी दुप्पट होते आणि त्याची उंची निम्मी होते, तेव्हा आयाम वाचताना दोनने गुणण्यास विसरू नये. विंडो लावण्यापूर्वी यादीची सरासरी प्रत्येक आकड्यातून वजा करावी, नाहीतर मोठ्या स्थिर भागाची गळती १.२ हर्ट्झची नाडी झाकून टाकते.

वेग कमी करणे आणि कडक फिल्टर

आता दहा सॅम्पलची सरासरी काढून तिचा दर दहावा आकडाच ठेवला, तर वेग ५०० वरून ५० हर्ट्झवर येतो. आधी फिल्टर आणि मग आकडे टाकणे हा क्रम कधीही उलटा करू नये, कारण आकडे टाकणे हे नव्याने सॅम्पलिंग करण्यासारखेच आहे आणि त्यात पुन्हा एलिअसिंग होऊ शकते. नव्या वेगावर ५१.२ हर्ट्झची लहर १.२ हर्ट्झ बनून नाडीवर बसेल, पण सरासरीने तिला आधीच सुमारे चाळीस पट कमी केलेले असते.

या मंद यादीवर खरा कडक फिल्टर स्वस्तात चालतो. त्याची वजने अशी बनवावीत: छेद-वारंवारतेला सॅम्पलिंगच्या वेगाने भागावे, हा भागाकार आपल्या ८ हर्ट्झच्या छेदासाठी ०.१६ येतो. मधल्या जागेपासूनचे अंतर क मानून प्रत्येक जागी, २ गुणिले पाय (π) गुणिले ०.१६ गुणिले क या रेडियनमधील कोनाची साइन किंमत, भागिले पाय गुणिले क, लिहावी; अगदी मधल्या जागी ०.३२ लिहावे. ही यादी दोन्ही बाजूंना अनंतापर्यंत जाते, म्हणून ती कापून तिला हॅमिंग किंवा ब्लॅकमन विंडोने गुणावे, आणि शेवटी सर्व वजनांना त्यांच्या बेरजेने भागावे, म्हणजे स्थिर सिग्नल जसाच्या तसा बाहेर येतो. किती वजने लागतील, याचा अंदाज ४ ला संक्रमण-पट्ट्याच्या (फिल्टर सिग्नल सोडण्यापासून अडवण्यापर्यंत जातो त्या पट्ट्याच्या) सापेक्ष रुंदीने, म्हणजे त्याची रुंदी भागिले सॅम्पलिंगचा वेग याने, भागून मिळतो. दोन हर्ट्झचा पट्टा हवा असेल, तर ५० हर्ट्झच्या वेगावर ती संख्या १०० येते. मध्य नेमका असावा म्हणून १०१ घ्यावीत.

हाच फिल्टर ५०० हर्ट्झवर लावला असता, तर सुमारे १,००० वजने आणि सेकंदाला ५ लाख गुणाकार लागले असते. आता ते ५,०५० वर आले. उशीर मात्र दोन्हीकडे सारखाच, म्हणजे ५० सॅम्पलचा पूर्ण एक सेकंद राहतो. फिल्टर जितका कडक, तितकी त्याला वाट पाहावी लागते, आणि यातून सुटका नाही. नोंदवून ठेवलेल्या सिग्नलवर हा उशीर यादी सरकवून भरून काढता येतो, परंतु पडद्यावर त्याच क्षणी नाडी दाखवायची असेल, तर ४ हर्ट्झचा ऐसपैस पट्टा आणि ५१ वजने यांवर समाधान मानणे योग्य ठरते.

जोडणी तपासणे

खरा सिग्नल जोडण्यापूर्वी प्रत्येक टप्पा ज्ञात आकड्यांवर चालवून पाहावा. फिल्टरमध्ये एकच १ पाठवल्यावर वजने तशीच बाहेर आली पाहिजेत, आणि सतत १०० पाठवल्यावर सुरुवातीची काही सॅम्पल सोडून १०० च मिळाले पाहिजेत. दहा सॅम्पलच्या सरासरीत ५० हर्ट्झची बनवलेली साइन लहर पाठवली, तर पहिल्या नऊ उत्तरांनंतर शून्य दिसायला हवे. तसे झाले नाही, तर बहुधा खिडकीची लांबी एकने चुकलेली असते.

मग सेन्सर जोडावा, पण त्यावर बोट ठेवू नये, आणि खोलीतील दिवे चालू ठेवून वीस-तीस सेकंद नोंद घ्यावी. या रिकाम्या नोंदीच्या फूरिए आलेखात ५० आणि १०० हर्ट्झवर शिखरे असतील, तर ती आपापल्या खऱ्या जागी आहेत. नाडीच्या पट्ट्यात, म्हणजे ०.५ ते ४ हर्ट्झच्या दरम्यान, एखादे अणकुचीदार शिखर दिसले, तर सॅम्पलिंगचा वेग थोडा बदलून, उदाहरणार्थ ५०० ऐवजी ५१० करून, पुन्हा नोंद घ्यावी. खरी वारंवारता वेग बदलला तरी हर्ट्झमध्ये जागची हलत नाही. एलिअसिंगने आलेली मात्र सरकते, आणि ती किती सरकली यावरून तिचा खरा उगम काढता येतो. शिखर दहा हर्ट्झच्या आसपास गेले, तर ते ५०० हर्ट्झच्या आसपासचे आहे आणि वीसच्या आसपास गेले, तर १,००० हर्ट्झच्या आसपासचे. असे शिखर सापडल्यास सॉफ्टवेअरला हात न लावता सेन्सरवरील प्रकाशाची आडोशाची व्यवस्था आणि तारेवरील रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी आधी दुरुस्त करावी, रिकामी नोंद पुन्हा घ्यावी, आणि तो पट्टा स्वच्छ दिसल्यावरच बोट ठेवावे.